खडकवासल्याचे पटांगण

पुण्याच्या नैर्ऋत्येस खडकवासल्याच्या जलाशयाकाठी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी वसली आहे. समोर सिंहगड उभा! भूदल, नौदल व वायुदल या तिन्ही दलांचे छात्र येथे तीन वर्षे एकत्र राहतात. कवायत, पोहणे, घोडदौड आणि त्यांवर पदवीचा अभ्यास! सहावे सत्र सरत येते तेव्हा घरून आलेले कोवळे पोर आईसही ओळखू येत नाही.

निरोपाचे संचलन ज्या पटांगणावर होते, त्यास अरुण खेत्रपाल यांचे नाव आहे. तेही येथलेच छात्र. १९७१ च्या जून महिन्यात ते पूना हॉर्स या पलटणीत अधिकारी झाले. आणि त्याच वर्षी १६ डिसेंबर रोजी बसंतरच्या लढाईत, पेटलेला रणगाडा सोडण्याचे नाकारून, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी धारातीर्थी पडले. मरणोत्तर परमवीरचक्र त्यांस लाभले. अधिकारपद आणि प्राणार्पण यांत अंतर केवळ सहा महिन्यांचे!

अखेरचे पाऊल छात्र संथ लयीत टाकतात; त्यास ‘अंतिम पग’ म्हणतात. आम्ही शाळेत जन्मभर मुलांच्या परीक्षा घेतल्या. आमची परीक्षा संपली की मुलगा मोकळा होई. येथे मात्र उत्तीर्ण झालेल्याचीच खरी परीक्षा पुढे असते, आणि तिचा दिवस कोणासही आधी कळविला जात नाही.