गाण्यातली मोकळी हवा

पेडल स्टील गिटारचा स्वर निघतो तेव्हा तो कुठे जाऊन टेकेल हे कळत नाही. तारांवरून पोलादी कांडी सरकत राहते, एक सूर दुसऱ्याकडे निघतो, मधल्या अनाम श्रुतींवर रेंगाळतो, पोहोचता पोहोचता किंचित थरथरतो, आणि मींडेवर वाढलेला आपला कान नकळत त्याच्यामागे चालू लागतो. त्याला कारणही आहे. हवाई बेटांवर जन्मलेली हिची पूर्वज, घसरती गिटार, एका वाटेने अमेरिकेच्या कंट्री संगीतात गेली आणि दुसऱ्या वाटेने समुद्र ओलांडून आपल्याकडे आली. हिंदी चित्रपटगीतांच्या अंतऱ्यांमधून ती वाजली, ब्रिजभूषण काब्रांच्या हाती तर तिने राग आळवले. म्हणूनच की काय, ऑल्ट-कंट्री, म्हणजे मुख्य प्रवाहाबाहेरचं कंट्री संगीत, ऐकताना मला पिढ्यांपूर्वी परमुलखात गेलेल्या भावकीतल्या कुणाचा आवाज ऐकू आल्यासारखं होतं. शब्द वेगळे, रस्ते वेगळे.

हुंदका तोच.

या संगीतात मला सर्वांत प्रिय आहे ती त्यातली हवा. गाणारा ज्या खोलीत गायला त्या खोलीची हवा. नॅशव्हिलच्या चकचकीत स्टुडिओंनी ती गाण्यातून उपसून काढली होती. ऑल्ट-कंट्रीच्या मंडळींनी ती परत आत येऊ दिली.

२७ नोव्हेंबर १९८७. टोरांटोतलं होली ट्रिनिटी चर्च. काउबॉय जंकीज नावाचा कॅनडातला छोटा वाद्यवृंद, त्यातली तीन सख्खी भावंडं, आणि सगळ्यांच्या मधोमध एकच मायक्रोफोन. कोण पुढे, कोण मागे, ढोल किती दूर, हार्मोनिका किती जवळ, हे सगळं यंत्रावरची बटणं फिरवून नव्हे, माणसांना पावला-दोन पावलांनी हलवून ठरवलेलं. मार्गो टिमिन्स गाते ती जणू कुणाला झोपेतून उठवायचं नाही अशा बेताने. हँक विल्यम्सचं एकटेपणाचं प्रसिद्ध गाणं ती इतक्या संथ लयीत घेते की दोन शब्दांमधल्या अंतरात चर्चचं उंच छत दिसू लागतं, भिंतींवरून परतणारा सूर दिसतो, आणि त्या सुराच्या कडेला साचलेला हिवाळाही दिसतो. ‘द ट्रिनिटी सेशन’ हा अल्बम रात्री दिवा मालवून ऐकावा. अंधाराला आकार येतो.

टाउन्स व्हॅन झँट मात्र गर्दीत गातो. १९७३चा जुलै, ह्यूस्टनचा दमट उकाडा, ओल्ड क्वार्टर नावाचा इवलासा बार, हातात गिटार आणि समोर दाटीवाटीने बसलेली माणसं. ग्लास किणकिणतात, कुणी खोकतं, तो मध्येच एखादा विनोद सांगतो, हशा पिकतो, आणि त्या हशाची ऊब विरायच्या आत तो असं काही गाऊ लागतो की सगळी खोली श्वास रोखून धरते. हे ध्वनिमुद्रण चार वर्षांनी, १९७७ साली बाहेर आलं. ऑल्ट-कंट्री हे नाव तेव्हा कुणाच्या ओठांवर नव्हतं, पण पुढच्या कित्येकांनी दुःखाला न सजवता समोर ठेवायचं कसं ते याच बारमध्ये शिकून घेतलं, असं मला वाटतं. टाउन्स १९९७च्या १ जानेवारीला गेला. त्याचा आदर्श हँक विल्यम्स गेला तोही १ जानेवारीलाच, १९५३ साली.

नावं पुढे आली. इलिनॉयमधल्या बेलव्हिल गावची, पंक ऐकत वाढलेली अंकल टुपेलो या वाद्यवृंदाची पोरं आजोबांच्या पिढीच्या गाण्यांकडे वळली. ‘नो डिप्रेशन’ हा त्यांचा १९९०चा पहिला अल्बम. हे नाव कार्टर फॅमिलीच्या मंदीच्या काळातल्या गाण्याचं, आणि पुढे या संगीताला वाहिलेल्या मासिकाचंही तेच. पण मला हलवून जातो त्यांचा तिसरा अल्बम. तो त्यांनी जॉर्जियातल्या अथेन्समध्ये पाच दिवसांत मुद्रित केला आणि त्याला नाव दिलं फक्त त्या दिवसांचं: ‘मार्च १६-२०, १९९२’. खाणकामगारांची जुनी गाणी आणि त्यांच्यातल्या जे फॅरारचा वयापेक्षा थकलेला गळा. दोनच वर्षांनी तो आणि त्याचा साथीदार जेफ ट्वीडी वेगळे झाले. एकाने सन व्होल्ट उभारला, दुसऱ्याने विल्को. ते पाच दिवस मात्र तारखेसकट गाण्यात राहिले.

लूसिंडा विल्यम्सची गोष्ट याच्या उलट. पाच दिवस कुठले? ‘कार व्हील्स ऑन अ ग्रॅव्हल रोड’ यायला आधीच्या अल्बमनंतर सहा वर्षं गेली. ध्वनिमुद्रण झालं, मनास आलं नाही, पुन्हा झालं, माणसं बदलली, सहकारी दुरावले. १९९८ साली तो आला तेव्हा त्यात कष्टाचा मागमूस नव्हता. होता फक्त तिच्या आवाजातला खरखरीत पाचोळा, आणि गाण्यांच्या नावांतून मागे पडत जाणारी दक्षिणेतली गावं: जॅक्सन, ग्रीनव्हिल, लेक चार्ल्स. लेक चार्ल्स तिचं जन्मगाव. वडील मिलर विल्यम्स कवी आणि प्राध्यापक. नोकरीपायी बिऱ्हाड गावोगाव फिरलेलं. शीर्षकगीतात गाडीच्या मागच्या सीटवर एक लहान मूल बसलेलं आहे, खडीवर चाकं करकरताहेत. हे गाणं ऐकून वडिलांनी आपली माफी मागितली, असं लूसिंडाने सांगितलं आहे. त्या मुलाला त्यांनी ओळखलं होतं.

आणि गिलियन वेल्च. ती वाढली लॉस एंजेलिसमध्ये. डोंगराळ अपलाचियाची गाणी हिने का गावीत, असा आक्षेप घेतला गेला. मला तो पटत नाही. ज्या मातीत जन्म झाला नाही तिचीही ओढ लागते, आणि ती ओढ खोटी नसते. २००१चा ‘टाइम (द रिव्हिलेटर)’ ऐका: नॅशव्हिलचा जुना आरसीए स्टुडिओ बी, जवळजवळ सगळा वेळ फक्त दोन माणसं, ती आणि डेव्हिड रॉलिंग्ज. त्याच्या हातात १९३५ची छोटी एपिफोन गिटार, तिचे सूर दवासारखे टिपकणारे. शेवटचं गाणं चौदा मिनिटांहून लांब. ते घाई करत नाही, उंच चढत नाही, नुसतं चालत राहतं, आणि आपण त्याच्याबरोबर चालताना वेळ पायाखालून निसटून जातो.

या सगळ्याच्या मुळाशी गायक ग्रॅम पार्सन्स आहे. १९७३च्या सप्टेंबरमध्ये, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी, जोशुआ ट्रीच्या वाळवंटाजवळच्या मोटेलमध्ये तो गेला. ‘ग्रीव्हस एंजल’ पुढच्या वर्षी आला. त्यात त्याच्या डळमळत्या सुराला हात देणारा एमिलू हॅरिसचा सूर आहे. ती तरुण आहे, तिला पुढचं काही ठाऊक नाही. लगेच तिचा १९९५चा ‘रेकिंग बॉल’ लावा. तोच गळा, बावीस वर्षांनंतर, काठाकाठाने विरलेला, घुमत्या गिटारींच्या धुक्यातून एकट्याने वाट काढणारा.

तुम्ही या संगीताकडे नव्याने वळत असाल तर सुरुवात या दोन अल्बमांपासून करा. एकाच संध्याकाळी, लागोपाठ, आणि एकही गाणं पुढे न ढकलता.