हजार किलोंच्या आसपास

गेल्या उन्हाळ्यात मी माझी १९९२ सालची माझ्दा मियाटा विकली आणि त्याच गाडीची चौथी पिढी घेतली. मधल्या दोन पिढ्यांच्या गाड्याही चालवून पाहिल्या होत्या, पण जुनी सोडून त्या घ्याव्यात असं वाटलं नव्हतं. जुनी गाडी घरात आली तेव्हा माझी मुलगी बालवाडीत होती. आता ती कॉलेजात आहे, आणि क्लच-गिअरचा मेळ ती याच गाडीवर शिकली. अमेरिकेत तिच्या वयाच्या मुलांना हाताने गिअर टाकायला सहसा कोणी शिकवत नाही, म्हणून मला त्याचं विशेष वाटतं.

आपल्याकडे माझ्दा म्हटलं की स्वराज माझ्दाची मिनीबस आठवते. नाशिकला असेपर्यंत मलाही हे नाव तेवढ्यापुरतंच ठाऊक होतं. मियाटा पहिल्यांदा पाहिली ती सॅन होजेला नोकरीला लागल्यावर. दोनच सीट, कापडी छप्पर, इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. साठच्या दशकात इंग्रजांनी अशा गाड्या पुष्कळ केल्या. एमजी, ट्रायम्फ, लोटस एलान. चालवायला सुंदर, पण तेल गळायचं आणि वायरिंगचा भरवसा नसायचा. सत्तरचं दशक संपता संपता हा सगळा प्रकारच मागे पडू लागला. १९७९ मध्ये बॉब हॉल या अमेरिकन मोटार-पत्रकाराने माझ्दाच्या केनिची यामामोतोंना सुचवलं की तशीच साधी, हलकी, उघडी गाडी तुम्ही करा. पुढे हॉल स्वतः माझ्दात गेला. तोशिहिको हिराई या अभियंत्याकडे प्रकल्प आला आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात गाडी लोकांसमोर आली. घोडा आणि स्वार एकजीव असावेत तशी गाडी आणि चालवणारा, हे हिराईंच्या चमूचं सूत्र होतं. जाहिरातीतली बरीच सूत्रं गाडीत बसल्यावर सापडत नाहीत. हे सापडतं.

माझ्या गाडीत १.६ लिटरचं इंजिन होतं, ११६ अश्वशक्तीचं. आज साध्या घरगुती गाड्यांनाही याहून जास्त ताकद असते. पण वजन हजार किलोंच्या आसपास, बॉनेट अॅल्युमिनियमचं, आणि गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत अॅल्युमिनियमचीच एक लांब चौकट घातलेली. या चौकटीमुळे अॅक्सिलरेटरवर पाय ठेवला की मधे काही हलत, आचके देत नाही. पायाची हालचाल थेट चाकांपर्यंत पोचते. गिअरचा दांडा आखूड, मनगटाने टाकायचा. माझ्या गाडीला पॉवर स्टिअरिंगही नव्हतं. पार्किंगमध्ये दंड भरून यायचे, पण गाडीने वेग घेतला की तेच स्टिअरिंग हलकं व्हायचं आणि रस्त्याचा प्रत्येक सांधा, प्रत्येक खडा बोटांना कळायचा.

मग ती का विकली? मुलीसाठी. सुटीत घरी आली की ती हीच गाडी घेऊन बाहेर पडायची, पावसातसुद्धा. एकशेएक नंबरच्या हायवेवर दोन्ही बाजूंनी ट्रेलर जात असतात आणि त्यांची चाकं या गाडीच्या खिडकीच्या उंचीची. माझ्या गाडीत एबीएस नव्हतं. एअरबॅग एकच, चालवणाऱ्यापुढची. बाजूने धडक बसली तर दाराखेरीज मधे काही नाही. नवरा कित्येक वर्षं काही बोलला नव्हता. या वेळी बोलला, तेही एकदाच. म्हणाला, "तू स्वतः ती चालवतेस तेव्हा मी गप्प बसतो. तिच्या बाबतीत नाही बसणार." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि शोधावंसंही वाटलं नाही.

जुनीच पुन्हा नव्यासारखी करून घ्यावी, हाही विचार केला. पहिल्या पिढीच्या गाड्या नव्याने बांधून देण्याची योजना माझ्दाने जपानमध्ये २०१७ साली जाहीर केली आणि बंद झालेले काही सुटे भाग पुन्हा बनवायला घेतले. तीस वर्षांपूर्वीच्या गाडीसाठी कंपनीने एवढं करावं, याचा मला खरोखर आदर वाटतो. पण गाडी कितीही नवी केली तरी तिच्यात एबीएस येणार नव्हतं.

दुसरी पिढी १९९८ ची. मागच्या खिडकीला प्लास्टिकऐवजी काच आली, आणि बॉनेटमधून वर येणारे पुढचे दिवे गेले. तिसरी २००५ ची. ती मोठी झाली, जड झाली, बसायला ऐसपैस झाली. खरं तर तिच्या अभियंत्यांनी एकेक ग्रॅमसाठी जीव काढला होता. आतला आरसासुद्धा ८४ ग्रॅमने हलका केला होता. तरी सुरक्षेचे नियम, मोठं इंजिन, मोठी चाकं या सगळ्यांनी वजन वाढवलंच. मोटारींच्या जगात हेच चालत आलं आहे. प्रत्येक पिढी आधीपेक्षा लांब, रुंद, जड आणि ताकदवान. जड झाली म्हणून इंजिन मोठं, इंजिन मोठं म्हणून ब्रेक मोठे, ब्रेक मोठे म्हणून चाकं मोठी, आणि शेवटी पुन्हा जड.

२०१५ मध्ये आलेल्या चौथ्या पिढीने हे चक्र उलटं फिरवलं. नोबुहिरो यामामोतो हे तिचे मुख्य अभियंता. तिसरीपेक्षा सुमारे शंभर किलोंनी हलकी, आणि लांबीला पहिल्या पिढीपेक्षाही आखूड: ३९१५ मिलिमीटर. बॉनेट, डिकीचं झाकण आणि पुढचे मडगार्ड अॅल्युमिनियमचे. अमेरिकेत मिळणाऱ्या दोन लिटरच्या गाडीचं वजन एक हजार साठ-सत्तर किलोंच्या घरात. म्हणजे एबीएस, एअरबॅगा, मजबूत सांगाडा, एसी, स्क्रीन, सगळं घालूनही माझ्या जुन्या गाडीहून पाऊण माणसाएवढंच जास्त. या आकड्यामागची मेहनत मला फार मोठी वाटते. ताकद वाढवायची तर इंजिन मोठं करता येतं. वजन कमी करायचं तर शेकडो लोकांनी आपापल्या भागात रोज काहीतरी नाकारावं लागतं.

मी घेतली ती २०२३ ची क्लब आवृत्ती. मागे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, बिल्स्टाइनचे शॉक अॅब्सॉर्बर, सहा गिअर, अर्थात हाताने टाकायचे. २०१९ च्या सुधारणेनंतर या इंजिनाची ताकद १५५ वरून १८१ अश्वशक्तीवर गेली, आणि मिनिटाला ६८०० फेऱ्यांना थांबणारं इंजिन ७५०० पर्यंत फिरू लागलं. त्यासाठी प्रत्येक पिस्टन २७ ग्रॅमने आणि कनेक्टिंग रॉड ४१ ग्रॅमने हलका केला. पुन्हा ग्रॅमच.

नवी आली तेव्हा जुनी अजून दारात होती. म्हणून शनिवारी पहाटे मी एक घेऊन माउंट हॅमिल्टनला गेले आणि रविवारी पहाटे दुसरी घेऊन. सॅन होजेच्या पूर्वेला अॅलम रॉकवरून हा रस्ता वर चढतो तो लिक वेधशाळेपर्यंत, सुमारे ४२०० फूट. जेम्स लिक या धनिकाने दुर्बिणीसाठी देणगी देताना अट घातली की काउंटीने वरपर्यंत रस्ता बांधून द्यावा, आणि १८७६ मध्ये तो झाला. सामान घोडागाड्यांनी वर न्यायचं होतं, म्हणून चढ मुद्दाम सौम्य ठेवला. चढ सौम्य ठेवायचा तर रस्त्याला डोंगराभोवती वळत वळतच जावं लागतं. घोड्यांसाठी आखलेला हा घाट त्यामुळे आज हलक्या गाडीसाठी कॅलिफोर्नियातल्या उत्तम रस्त्यांपैकी एक आहे. स्मिथ क्रीकचा पूल ओलांडला की शेवटची चढण लागते, आणि तिथून एक वळण संपायच्या आत दुसरं सुरू होतं. बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. सायकलवाले पुष्कळ असतात, त्यांचा मान ठेवूनच चालवावं लागतं.

शनिवारी जुनी. खालच्या भागात ती नेहमीसारखी, सगळे आवाज करत, खड्ड्यात गेली की डॅशबोर्डपासून दारापर्यंत सगळी थरथरत. स्मिथ क्रीकनंतर मात्र दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ती अशी काही लागली की माझं बाकी कशात लक्षच राहिलं नाही. या गाडीत वेग कमवावा लागतो. वळणाआधी ब्रेक जास्त दाबला तर गेलेला वेग परत मिळवायला ११६ अश्वशक्तीला पुढचं वळण येईपर्यंतही वेळ पुरत नाही. म्हणून नीट आखून, कमीत कमी ब्रेक लावून वळणात शिरायचं, स्टिअरिंग एकदाच वळवायचं आणि तसंच धरून ठेवायचं. टायर घसरायला लागायच्या कितीतरी आधी ते हातात कळतं. वर वेधशाळेच्या आवारात पोचले तेव्हा ताशी वेग कुठेच फार नव्हता, आणि तरी माझे तळहात ओले होते.

रविवारी नवी. पहिला फरक जाणवला तो अंगाच्या मजबुतीचा. त्याच खड्ड्यांवरून ती एक ठोका देऊन निघून गेली, मागे काही थरथरलं नाही. ब्रेक अतिशय चांगले. पाय ठेवला तेवढाच जोर, ना कमी ना जास्त. मला नवल वाटलं ते गिअरचं. तीस वर्षांनीही तोच आखूड दांडा, आत बसताना होणारी तीच खट्कन जाणीव; ती अॅल्युमिनियमची चौकटही या पिढीत कायम आहे. वळणात शिरताना गाडी थोडी कलते, बिल्स्टाइन असूनही, आणि ते मला आवडतं. चाकांवर किती भार आला हे त्या कलण्यातून कमरेला कळतं. २०२२ पासून यात एक बारीक सोय आली आहे: जोरात वळताना मागचं आतलं चाक अगदी किंचित ब्रेक होतं, त्यामुळे गाडीची मागची बाजू उचलली न जाता खाली बसून राहते. वेगळं वजन नाही, वेगळा भाग नाही, असलेल्या ब्रेकचाच उपयोग.

आणि इंजिन. चार हजारांच्या पुढे ते ज्या हौसेने साडेसात हजारांकडे धावतं, ते जुन्या इंजिनाला कधीच जमलं नसतं.

पण स्टिअरिंगला ती बोलकी बोटं नाहीत. विजेच्या मोटरवर चालणारं हे स्टिअरिंग अचूक आहे, झटपट आहे, गाडी सांगाल तिथे जाते. तरी खडी कुठे संपली आणि डांबर कुठे लागलं हे मला हातांतून कळलं नाही, सीटमधून कळलं. काही महिने चालवल्यावर माझी कंबर आता ते काम करू लागली आहे. हात मात्र रिकामेच आहेत, आणि ही उणीव मी कमी करून सांगणार नाही. दुसरी उणीव दिव्यांची. जुन्या गाडीत प्रत्येक दिव्याला स्वतःची मोटर होती. ती कधी अडली तर बॉनेट उघडून, मोटरवरची गुंडी हाताने फिरवून दिवा वर आणता यायचा. यंत्राचा बिघाड चालवणाऱ्याला स्वतःच्या हाताने सोडवता यावा, ही सोय आजच्या गाड्यांत फारशी उरलेली नाही.

छपराच्या बाबतीत नवी निर्विवाद सरस. जुन्या गाडीत आधी मागच्या प्लास्टिकच्या खिडकीची चेन उघडून ती सपाट झोपवायची, मग दोन कड्या सोडायच्या. एवढं न करता छप्पर पाडलं तर प्लास्टिकला घडी पडायची. नव्यात मधे एकच कडी. सिग्नलला बसल्या जागी एका हाताने छप्पर मागे टाकता येतं आणि पावसाचा पहिला थेंब पडताच तसंच ओढून घेता येतं. माझं छप्पर आता पूर्वीपेक्षा जास्त वेळ उघडं असतं. सामानाला मात्र जागा नाही. डॅशबोर्डमध्ये ग्लव्हबॉक्ससुद्धा नाही, कागदपत्रं दोन सीटच्या मागच्या कप्प्यात ठेवायची. दोघांची दोन दिवसांची बॅग डिकीत मावते आणि तेवढं मला पुरतं.

जुनी विकायला काढली तेव्हा जास्त पैसे देणारे एक गृहस्थ आले होते. त्यांना ती झाकून ठेवायची होती. पहिल्या पिढीच्या किमती आता वर जात आहेत. माझी गाडी गेली ती गॅरेजमध्ये काम शिकणाऱ्या एका तरुणीकडे, थोड्या कमी किमतीत. तिने पहिल्या पाच मिनिटांत डिकी उघडून बॅटरीजवळचा पत्रा तपासला, मग छपराचं पाणी वाहून जायच्या नळ्या पाहिल्या, मग खाली झोपून दारांखालचा पत्रा बोटांनी चाचपला. या गाडीला गंज धरतो तो तिथेच: नळ्या पाल्याने तुंबतात, पाणी दाराखाली साचतं. माझ्या नळ्या साफ होत्या. क्लचचा खालचा सिलिंडर गळत नाही ना, हेही तिने विचारलं. मी टायमिंग बेल्ट बदलल्याची पावती दाखवली आणि आम्ही तिथेच व्यवहार ठरवला.

मुलगी नाताळात घरी आली तेव्हा नवी गाडी घेऊन एकटी स्कायलाइनच्या डोंगररस्त्यावर जाऊन आली. परत येऊन म्हणाली, "आई, छान आहे. पण जुनीत मला जास्त काम असायचं." तिचं म्हणणं बरोबर आहे. तरीही दोन्ही जवळून ओळखणारी म्हणून विचाराल, तर चौथी पिढी ही पहिलीहून चांगली गाडी आहे असंच मी सांगेन, आणि हे मी दुसरी-तिसरीबद्दल म्हणणार नाही.

तुम्हीही आवडत्या गाडीची नवी पिढी घ्यायला निघाला असाल तर शोरूममधल्या माणसाला अश्वशक्ती नंतर विचारा, आधी वजन विचारा. मग तुमच्या ओळखीच्या घाटात, आधी जुनी आणि लगेच नवी, अशा दोन्ही चालवा. आणि जुनी विकणार असाल तर ती रस्त्यावर काढेल अशाच माणसाला द्या.