नांदेडची चिठ्ठी

माझ्या ड्रॉवरमध्ये तेव्हा चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा असायचा. नांदेडच्या एका मानसोपचारतज्ज्ञांचं नाव, पत्ता, भेटीची वेळ. कुठल्याशा शिबिरात वाटून उरलेल्या त्या चिठ्ठ्या. एखादं पोरगं गप्प गप्प दिसलं, वर्गात यायचं थांबलं, की मी त्यातली एक काढून द्यायचो. सोबत पाच-सात मिनिटांचं भाषण: माझे वडील बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जात, आम्ही मिलो ज्वारीच्या भाकरी खाऊन शिकलो, वगैरे. (मी तेव्हा चार वर्षांचा होतो. मिलोची चव मला आठवत नाही. आईनं सांगितलेलंच मी माझं म्हणून सांगत होतो.)

मत पक्कं होतं. खरंच मनाचं दुखणं असेल तर ते डॉक्टरचं काम, आणि नसेल तर ती नाटकं. दोन्हीकडून माझी सुटका होती, हे तेव्हा कळलं नाही.

२०१८ च्या हिवाळ्यात बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा आला. खेड्यातला, हिंगोलीत तिघांत मिळून खोली. वडील दिवाळीआधी गेले होते. "सर, झोप लागत नाही," एवढंच म्हणाला. मी भाषण केलं, चिठ्ठी दिली. त्यानं ती घडी घालून खिशात ठेवली आणि मला पुण्य केल्यासारखं वाटलं. पुढं तीन आठवडे मी त्याच्याबद्दल काहीही विचारलं नाही.

त्यानंतरचं सगळं घडलं ते आमच्या कॉलेजच्या ग्रंथालय परिचरामुळे. पोरं त्यांना मामा म्हणत. हा मुलगा वाचनकक्षात टेबलावर डोकं टेकून पडायचा, हे मामांनी पाहिलं होतं. त्यांनी आधी विचारलं, "जेवलास का?" दोन दिवसांनी दुसरा प्रश्न विचारला, तोही सरळ: "मरायचं डोक्यात येतं का रे?" मला हे नंतर कळलं तेव्हा घाम फुटला. असं विचारलं की नसलेला विचार डोक्यात शिरतो, अशी माझी समजूत होती. तसं नसतं. पोरगं म्हणालं, "येतं." त्या रात्री मामांनी त्याला एकटं सोडलं नाही. सकाळच्या एसटीनं दोघं नांदेडला गेले, माझ्याच चिठ्ठीवरच्या पत्त्यावर. पत्ता बरोबरच होता. तिकिटाचे पैसे आणि सोबत, या दोन गोष्टी मी लिहायच्या विसरलो होतो.

गोळ्या सुरू झाल्या. मामा गोळ्यांबद्दल एक शब्द बोलत नसत, ते डॉक्टरांचं. पण त्यांच्याकडे एक दोनशेपानी वही होती. एका पानावर त्या मुलाचं नाव आणि खाली कामं: परीक्षा फॉर्म. मेसची बाकी. खोलीमालक. शिष्यवृत्ती. प्रत्येकासमोर कोण करणार आणि कधीपर्यंत. क्रमही ठरलेला: या आठवड्यात जे तुटेल ते आधी. झालं की रेघ.

शिष्यवृत्तीचा महाडीबीटी पोर्टलवरचा अर्ज आमच्याच कार्यालयाच्या लॉगिनवर पडून होता. खात्याला आधार जोडलेलं नव्हतं, ते वेगळंच. परीक्षा फॉर्म त्यानं भरला नव्हता, कारण पैसे नव्हते. आणि इथं मला खरी लाज वाटली. ऑक्टोबर २०१८ च्या अखेरीस राज्यात १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला होता, त्याचा तालुका त्यात होता. दुष्काळ जाहीर झाला की परीक्षा शुल्क माफ होतं. त्याचं परिपत्रक मी स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं होतं. ज्याला गरज होती तो माझ्यासमोर बसला होता तेव्हा मी मिलोबद्दल बोलत होतो.

पुढं वाचताना कळलं की मामांच्या वहीतल्या कामासाठी अमेरिकेतल्या विद्यापीठांत रीतसर पद आहे, केस मॅनेजर म्हणतात. व्हर्जिनिया टेकमध्ये २००७ साली एका विद्यार्थ्यानं ३२ जणांना मारलं, त्यानंतर ही पदं वाढली. चौकशीत दिसलं होतं की त्याच्याबद्दलची धोक्याची चिन्हं वेगवेगळ्या विभागांना थोडी थोडी माहीत होती, पण एकत्र कुणीच केली नव्हती. आमचा मुलगा कुणाला मारणारा नव्हता, तुलना तेवढ्यापुरतीच. पण हजेरी माझ्याकडे, फॉर्म परीक्षा विभागाकडे, अर्ज क्लार्ककडे, बाकी मेसवाल्याकडे. सगळे तुकडे हिंगोलीतच होते.

२०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे, त्यात सर्वाधिक १,७६४ महाराष्ट्रातले. २०२५ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयानं शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना समुपदेशक नेमायला सांगितलं. नेमावाच. पण तो खोलीत बसून ऐकणार. क्लार्कच्या टेबलाशी पोरासोबत उभं कोण राहणार, हे अजून कुणी विचारत नाही. स्टाफ मीटिंगमध्ये मी हे बोललो तेव्हा एक सहकारी म्हणाले, "आपण काय पोरांचे पालक आहोत का?" त्यांच्यावर रागावता आलं नाही. वाक्य माझंच होतं, जुनं.

मामांच्या हातूनही सगळं निभावलं नाही. एक मुलगी शिक्षण सोडून गेली. तिच्या घरी फोन केला तर उचलणारे भाऊच होते. तिच्या पानावर शेवटपर्यंत रेघ पडली नाही. आणि त्या मुलाचा एक विषय राहिला, तो त्यानं पुढच्या उन्हाळी परीक्षेत काढला. मला भेटला की नमस्कार करतो, पण बसतो मामांजवळ.

मामा निवृत्त झाले त्या दिवशी मी त्यांना ती वही मागितली. त्यांनी ती पिशवीत टाकली. "पोरांची नावं हायत सर तिच्यात. तुमी नवी घ्या."