पेण ते रोहें : विजेच्या मोटारीची पारख

मोटार विकत घेणें ही गोष्ट आपल्या एकत्र कुटुंबांत लग्नकार्याइतकीच चर्चेची असते. त्यांत ती मोटार विजेची आणि पन्नास लाखांच्या घरांतली असली म्हणजे चर्चेस अंत राहत नाहीं. आमच्या पेणच्या बंधूंचा कामधंदा रोह्यानजीकच्या धाटाव औद्योगिक वसाहतींत आहे. रोजच्या जाण्यायेण्याकरितां त्यांना अशी एक क्रॉसओव्हर, म्हणजे मोटारीचीं सुखासनें आणि जीपचा थोडा उंचपणा असलेली गाडी, घ्यावयाची होती. कोणती घ्यावी हें ठरविण्यापूर्वीं ती ज्या रस्त्यानें धांवणार तो रस्ताच डोळसपणें पाहावा असें सर्वानुमतें ठरलें, आणि भाद्रपद तोंडावर आला असतां आम्ही पेणहून निघालों.

पेणची ओळख वाचकांस नव्यानें करून द्यावयास नको. येथील गणेशमूर्तींस २०२३ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. त्या दिवसांत कारखान्यांच्या ओट्यांवर रंगाचे अखेरचे हात फिरत होते, आणि मूर्ति नेणाऱ्या टेंपोंमुळें रस्ते तुंबले होते. अशा गर्दींत उभी असलेली विजेची मोटार धूर ओकत नाहीं, हा तिचा पहिला गुण. परंतु विनोबांचें जन्मगांव गागोदें याच तालुक्यांत आहे. १९५१ पासून ज्यांनीं भूदानासाठीं देश पायीं पालथा घातला, त्यांच्या भूमींत इतक्या किमतीच्या वाहनाची निवड करतांना मन थोडें ओशाळतें, हें सांगितलेंच पाहिजे.

पेण मागें पडतें तोंच डोलवीच्या पोलाद कारखान्याचे अवजड ट्रक भेटूं लागतात. पनवेल ते इंदापूर या महामार्गाचें रुंदीकरण २०११ त सुरू झालें आणि दशकाहून अधिक काळ रेंगाळलें. पावसाळ्यांतील खड्ड्यांची त्याची कीर्ति कोंकणच्या चाकरमान्यांस ठाऊक आहे. विजेच्या अशा मोटारीचें वजन दोन टनांच्या आसपास असतें. शोभेसाठीं तिला मोठीं चाकें आणि पातळ टायर देण्याची हौस कंपन्यांस फार, आणि कित्येक गाड्यांत जादा चाकच नसतें. या रस्त्यावर रोज जाणारानें प्रथम चाक पाहावें, नंतर काचेचें छप्पर.

नागोठण्यास अंबा नदी ओलांडतांना दुसरा विचार मनांत येतो. याच नदीच्या पुरानें २४ जुलै १९८९ रोजीं जांभूळपाड्यावर केवढा अनर्थ ओढवला, हें या भागांत कोणी विसरलेलें नाहीं. बॅटरीची पेटी जलाभेद्य असते, हें खरें; पण तेवढ्यावरून वाहत्या पाण्यांत गाडी घालण्याची मुभा कोणी घेऊं नये. पाणी गाडीस उचलूं लागलें म्हणजे वीज आणि पेट्रोल सारखींच.

पुढें भिसे खिंड लागते. चढावर गाडी निःशब्द चढते. उतारावर पाय काढतांच चाकें फिरवणारी मोटारच जनित्र बनते आणि थोडी वीज बॅटरींत परत घालते. खिंड उतरली कीं कुंडलिकेच्या कांठचें रोहें दिसूं लागतें. धावीर महाराजांचें हें गांव. त्यांच्या पालखीस सशस्त्र पोलिसांची मानवंदना मिळते. पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म १९२० सालीं येथलाच.

कुंडलिकेचें पाणी मात्र केवळ रोह्याचें नव्हे. पूर्वेस, सह्याद्रीच्या पायथ्याशीं, भिरा येथें टाटांचें वीजघर १९२७ पासून चालू आहे. मुळशीच्या धरणाचें पाणी डोंगरावरून तेथें उतरतें, वीज देतें आणि मग कुंडलिकेस मिळतें. त्या धरणाखालीं मावळांतील शेतकऱ्यांचीं घरेंदारें गेलीं. त्यांच्यासाठीं सेनापति बापटांनीं १९२१ पासून सत्याग्रह चालविला. वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली, जमीन गेली ती गेलीच. आज तारांतून येणारी वीज निरनिराळ्या ठिकाणची मिसळलेली असते आणि राज्यांतील बरीचशी अजून कोळशापासून होते. म्हणून विजेची मोटार घेतली कीं पाप फिटलें, असें समजण्याचें कारण नाहीं.

आतां हिशेब. जातायेतां सुमारें ८५ किलोमीटर, म्हणजे १५-१६ युनिट. घरच्या पंधरा अँपिअरच्या प्लगावर तेवढी वीज सहा तासांत, म्हणजे रात्रींतून, भरतें. मात्र जुन्या वाड्यांत अर्थिंग नीट आहे कीं नाहीं, हें जाणत्या वायरमनकडून आधीं पाहून घ्यावें. जानेवारी २०२५ मध्यें ४९ लाखांस जाहीर झालेल्या बी.एम.डब्ल्यू. आय-एक्स-१ ची बॅटरी ६६.४ युनिटांची आणि पल्ला ५३१ किलोमीटरांचा सांगितला आहे. तो चाचणीचा आंकडा. रस्त्यावर साडेतीनशे धरले तरी तीन दिवस वीज गेली असतां काम अडत नाहीं. चाकण येथें तयार होणारी महिंद्रांची एक्स-ई-व्ही ९-ई नोव्हेंबर २०२४ मध्यें आली, तेव्हां तिची किंमत सुमारें २२ लाखांपासून होती. दोहोंतही बसणार पांचच माणसें.

तळाशीं बॅटरी असल्यानें अशा गाड्यांची जमीन उंच येते आणि मागें बसणाराचे गुडघे वर राहतात. आमच्या मातोश्रींस दोन्ही गाड्यांत अर्धा-अर्धा तास बसवून पाहिलें. लांब पाठीच्या परदेशी गाडींत त्यांचे पाय सुखानें पसरले, दुसरींत गुडघे थोडे अवघडले. एवढ्यासाठीं सत्तावीस लाख अधिक द्यावे काय, यावर घरांत तीन रात्रीं खल झाला. शेवटीं मातोश्रींनींच निकाल दिला : “मी महिन्यांतून दोनदां बसणार, तो रोज. मला एक उशी पुरे.”

बंधूंनीं चाकणची गाडी घेतली. वांचलेल्या पैशांतून वाड्याची वायरिंग नवी झाली, छपरावर सौर तावदानें बसलीं, आणि धाकट्या पुतणीच्या शिक्षणाची तरतूद झाली. रोजचें वाहन निवडतांना रस्ता, पाऊस, घरांतील वडील माणसें आणि घराची ऐपत या चारांचें मत घ्यावें. दुकानांतील झगमगाटाचें शेवटीं घेतलें तरी चालेल, असें आम्हांस वाटतें.