आधी बॅटरी, मग मशीन

चंद्रपूरच्या ऊर्जानगरातल्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता 2,920 मेगावॅट. त्याच्या चिमण्यांकडे पाठ करून आम्ही आलापल्लीमार्गे भामरागडकडे कामाला निघतो, तेव्हा गाडीतल्या प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो: तिकडे लाईन असेल का? विजेच्या तारा कित्येक ठिकाणी सागाच्या जंगलातून जातात. वादळात एखादी फांदी तारेवर पडली की गाव अंधारात. पुढे पर्लकोटा नदीला पूर आला, तर दुरुस्तीला माणूसही वेळेवर पोहोचत नाही.

मी सुतारकाम करतो. लाईन गेली की चौकट अर्धवट लागलेली, माणसे झाडाखाली बसलेली आणि हजेरी मात्र चालूच, हे पूर्वी ठरलेले होते. त्यामुळे चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत बॅटरीवरचे मशीन ही चैन नाही. पत्रे ठोकणारा, नळजोडणी करणारा, सोलरची पाटी बसवणारा, सगळ्यांचा दिवस त्यावर तरतो.

बॅटरीवरचे ड्रिल तसे जुने आहे. ब्लॅक अँड डेकरने ते 1961 मध्ये बाजारात आणले. पण निकेल-कॅडमियमची ती बॅटरी जड होती आणि तिची ताकदही बेताची होती. सोनीने 1991 मध्ये लिथियम-आयन बॅटरी विक्रीला आणली आणि 2005 च्या सुमारास मिलवॉकी, मकिता यांसारख्या कंपन्यांनी ती हत्यारांत बसवली. याच बॅटरीच्या शोधासाठी 2019 चे रसायनशास्त्राचे नोबेल तीन शास्त्रज्ञांना मिळाले. आज आपल्या पेटीतले ड्रिल वायरच्या ड्रिलशी बरोबरी करते, ते तिच्यामुळे.

मात्र दुकानात गेलेला कारागीर आधी मशीन बघतो आणि बॅटरीवर काय लिहिले आहे त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. आमच्या सोबत काम करणाऱ्या एका पोराने स्वस्तातला संच आणला होता. बॅटरीवर ठळक अक्षरात 88 छापलेले.

“भाऊ, तुमची अठराची, माझी अठ्ठ्याऐंशीची. पाचपट ताकद!”

मल्टिमीटर लावला. पूर्ण चार्ज बॅटरीवर काटा 20.6 व्होल्टवर थांबला. चार स्क्रू काढून डबी उघडली, तर आत एका ओळीत पाच सेल. लिथियम-आयनचा एक सेल साधारण 3.6 व्होल्टचा, पूर्ण भरल्यावर 4.2 चा. असे पाच सेल जोडले की कामाचे व्होल्ट 18 आणि भरल्यावर 21. म्हणजे बाजारात 18, ‘20 मॅक्स’ आणि 21 या नावांनी मिळणाऱ्या बॅटऱ्या पाच सेलच्याच. 48, 88, 128 असे आकडे छापून जे विकले जाते, त्यातले पुष्कळ याच जातीचे निघते. मीटर लावल्यावर पोराचा चेहरा उतरला. पैसे त्याच्या घामाचे होते.

खरा हिशेब व्होल्ट आणि अँपिअर-अवर यांच्या गुणाकारात आहे. 18 व्होल्ट, 2 अँपिअर-अवर म्हणजे 36 वॅट-अवर. 18 व्होल्ट, 5 अँपिअर-अवर म्हणजे 90. मोठ्या बॅटरीत बहुधा दहा सेल असतात, पाच-पाचच्या दोन ओळी. ग्राइंडर किंवा गोल करवत जोरात वीज ओढते, तेव्हा तो भार दोन ओळींत वाटला जातो. म्हणून तेच ग्राइंडर छोट्या बॅटरीवर दमते आणि मोठीवर नीट चालते. उलट, शिडीवर उभे राहून डोक्यावर स्क्रू मारायचे असतील तर छोटी हलकी बॅटरीच बरी. संध्याकाळी खांदा दुखत नाही.

आमच्याकडे लाकूड म्हणजे सागवान. 2023 च्या मार्चमध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान रवाना झाले, ते याच जंगलांचे. अशा लाकडात बिजागरी बसवताना इम्पॅक्ट ड्रायव्हरचा मोह आवरावा लागतो. त्याचे घाव इतके जोरदार असतात की पितळी स्क्रूची मान क्षणात तुटते आणि अर्धा स्क्रू लाकडात अडकून बसतो. आमची पद्धत अशी: आधी बारीक बिटने छिद्र, मग पितळी स्क्रूच्याच मापाचा लोखंडी स्क्रू आत-बाहेर करून वाट तयार करायची, नंतर पितळी स्क्रूला साबण लावून साध्या ड्रिलने, क्लच कमी आकड्यावर ठेवून, हळूच बसवायचा. शेवटचा अर्धा फेरा हाताच्या पेचकसाने. इम्पॅक्ट ठेवावा तो छताच्या पत्र्याला आणि जाड कैचीला. तिथे त्याच्यासारखा गडी नाही.

बॅटरीचा खरा शत्रू आपल्याकडचे ऊन आहे. मे महिन्यात चंद्रपुरात पारा 45 च्या वर जातो. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत चार्जिंगसाठी 40 अंशांची मर्यादा दिलेली असते. काम करून तापलेली बॅटरी लगेच चार्जरला लावली की चांगला चार्जर ती थंड होईपर्यंत थांबतो. स्वस्त चार्जर थांबत नाही, आणि बॅटरीचे आयुष्य तिथेच खर्ची पडते. आम्ही मोकळ्या बॅटऱ्या थर्माकोलच्या पेटीत, सावलीत ठेवतो. ओल्या फडक्यात गुंडाळायची नाही, फ्रिजमध्ये ठेवायची नाही, बंद गाडीत सोडायची नाही. चार्जिंग पहाटे किंवा रात्री. पावसाळ्यात काम बंद असेल तर बॅटरी साधारण अर्धी भरून कोरड्या जागी ठेवतो.

जिथे लाईन मुळीच नाही, तिथे गाडीतला इन्व्हर्टर कामाला येतो. वायरची गोल करवत हजार-बाराशे वॅट ओढते, छोटा इन्व्हर्टर ते ओझे उचलत नाही. 90 वॅट-अवरची बॅटरी तासाभरात भरणाऱ्या चार्जरला मात्र शंभर-सव्वाशे वॅट पुरतात. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा असावा, कारण काही चार्जर दुसऱ्या प्रकारावर बिघडतात.

प्रत्येक कामाला बॅटरी हवीच असेही नाही. दिवसभर रंधा मारणे, जाड फळ्या चिरणे, स्लॅबला मोठी भोके पाडणे यासाठी वायरचे मशीन किंवा जनरेटर आजही स्वस्त आणि भरवशाचा.

नवे मशीन घेणाऱ्याला माझे सांगणे स्पष्ट आहे. पहिले मशीन घेताना पुढच्या पाच मशीनचा विचार करा. एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या मशीनला बसेलच असे नाही, म्हणून पहिल्याच दिवशी तुम्ही एक घराणे निवडत असता. त्या कंपनीची बॅटरी चंद्रपूर किंवा गडचिरोलीत सुटी मिळते का, दुरुस्ती कुठे होते, हे आधी विचारा. एकदा दोन-तीन चांगल्या बॅटऱ्या आणि एक चार्जर झाला की पुढे बॅटरीशिवाय नुसते मशीन घ्यायचे, खूप पैसे वाचतात. रोजच्या वापराचे ड्रिल ब्रशलेस घ्या. त्यात झिजणारे कार्बन नसतात आणि त्याच बॅटरीवर जास्त काम निघते. दुकानात जाताना मल्टिमीटर खिशात ठेवा. आणि संपलेली बॅटरी जंगलात किंवा शेकोटीत टाकू नका. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. दुकानदाराकडे ती नेऊन द्या, आणि तो टाळत असेल तर नियमाचे नाव घेऊन मागणी करा.