मायचा बाजाराचा वार चुकला

माझी माय शाळेत गेली नाही, पण बाजाराचा वार तिला कधी विचारावा लागला नाही. आता दिवसातून चारदा विचारते, "आज बजार शे का रे?" आम्ही म्हणायचो, वय झालं.

२०२३ मध्ये 'लासी-डॅड' या देशव्यापी पाहणीचे आकडे आले. साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. खेड्यात जास्त, न शिकलेल्यांत जास्त. म्हणजे आपल्याकडचीच की!

तपासणीत मायला तारीख विचारली, वजाबाकी विचारली. ती तर तिला कधीच येत नव्हती. धडगावच्या पावरी बोलणाऱ्या आजीला काय विचारणार?

मी बाजाराचं सांगितलं, तेव्हा डॉक्टरांनी पेन ठेवलं आणि नीट ऐकलं. तुमच्या घरातलं रोजचं काय चुकतंय, तेही लिहून न्या.