टीव्ही मध्येच थांबवणाऱ्या बाई

विज्ञानाचा व्हिडिओ कसा असला म्हणजे पाहणारा खरोखर शिकतो, हा प्रश्न घेऊन डेरेक मुलर यांनी ऑस्ट्रेलियातल्या सिडनी विद्यापीठात पीएचडी केली. २००८ साली पूर्ण झालेल्या त्या प्रबंधातले निष्कर्ष प्रत्येक शिक्षकाने वाचावेत असे आहेत. गती आणि बल या विषयावरचा एक अचूक, सुटसुटीत व्हिडिओ त्यांनी विद्यार्थ्यांना दाखवला. स्पष्ट आहे, सोपा आहे, असं पाहणाऱ्यांनी सांगितलं. पण चाचणीत त्यांचे गुण व्हिडिओपूर्वी होते जवळपास तेवढेच राहिले. दुसऱ्या एका व्हिडिओत दोन माणसं बोलत होती. त्यातला एक जण अनेकांच्या डोक्यात असतं तेच चुकीचं उत्तर ठासून देतो, दुसरा त्याला खोदून विचारतो, आणि हळूहळू ते उत्तर टिकेनासं होतं. हा व्हिडिओ विद्यार्थ्यांना गोंधळात टाकणारा वाटला. गुण मात्र याच गटाचे चांगले वाढले.

असं का व्हावं? वर फेकलेल्या चेंडूचं उदाहरण घ्या. हात सुटल्यावरही चेंडूला वर ढकलणारं एक बल असतंच, असं बहुतेकांना वाटतं. व्हिडिओ सांगतो की फक्त गुरुत्वाकर्षण आहे. पण पाहणाऱ्याला विषय ओळखीचा वाटतो, त्याचं लक्ष सैल पडतं, आणि आपल्याला आधीच ठाऊक होतं तेच सांगितलं गेलं, असं समजून तो उठतो. चुकीची कल्पना जागची हलत नाही. मुलर यांनी पुढे २०११ मध्ये यूट्यूबवर ‘व्हेरिटॅसियम’ ही वाहिनी सुरू केली. तिथल्या अनेक व्हिडिओंत आधी रस्त्यावरच्या माणसांना प्रश्न विचारलेला दिसतो. त्याचं मूळ या प्रबंधात आहे.

महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत गावोगावच्या जिल्हा परिषद शाळांत लोकवर्गणीतून टीव्ही आले, प्रोजेक्टर आले, टॅब आले. पालकांनी आणि शिक्षकांनी पदरमोड करून उभी केलेली ही सामग्री आहे, तिचं मोल मोठं आहे. म्हणूनच तिचं वर्गात नेमकं काय होतं, हे पाहायला हवं. अनेक ठिकाणी धडा टीव्हीवर लावला जातो, मुलं गप्प बसून पाहतात, तास संपतो. मुलर यांचा पहिला गट तो हाच.

आता आठवीचा दुसरा एक वर्ग पाहू. पडद्यावर कोलोरॅडो विद्यापीठाचं ‘फेट’ उघडलेलं आहे. नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ साली सुरू केलेला हा प्रकल्प विज्ञान-गणिताची चलचित्र-प्रतिरूपं फुकट देतो, आणि त्यातली कित्येक मराठीत आहेत. बाईंनी एक सेल आणि एकामागे एक असे दोन सारखे बल्ब जोडले आहेत, पण कळ अजून दाबलेली नाही. “कोणता बल्ब जास्त उजळेल?” हात वर होतात. पहिला, कारण वीज आधी त्याच्याकडे पोचते आणि तिथे थोडी संपते, असं म्हणणारी मुलं जगातल्या जवळपास प्रत्येक वर्गात भेटतात. दोन्ही सारखे म्हणणारीही काही असतात. बाई फळ्यावर दोन रकाने करून मतं मांडतात, दोन्ही बाजूंना कारण विचारतात, कोण बरोबर ते सांगत नाहीत. मग कळ दाबतात. बल्ब सारखेच उजळतात. पडद्यावर विद्युतप्रवाहाचे ठिपके तारेतून सरकताना दिसतात, आणि बल्बच्या अलीकडे नि पलीकडे त्यांचा वेग तोच असतो. अॅमीटर दोन्हीकडे लावला तरी आकडा बदलत नाही. म्हणजे प्रवाह संपत नाही. मग सेल उतरतो तो कशामुळे? हा पुढचा प्रश्न मुलं स्वतःच विचारतात, आणि प्रवाह वेगळा, ऊर्जा वेगळी, या मुद्द्याला वर्ग येऊन पोचतो.

इथे एक शंका हमखास निघते: खरे सेल आणि खरे बल्ब असताना पडद्यावरचे कशाला? शंका रास्त आहे आणि तिची कसोटीही लावली गेली आहे. नोआ फिंकेलस्टाइन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका गटाने खऱ्या सामग्रीवर काम केलं, दुसऱ्याने प्रतिरूपावर. संकल्पनांच्या प्रश्नांत प्रतिरूपवाला गट पुढे राहिलाच, पण नंतर खरं मंडल जोडून त्याचं स्पष्टीकरण द्यायला सांगितलं तेव्हाही तोच सरस ठरला. खऱ्या तारेत आतलं काही दिसत नाही, सैल जोडणीने बल्ब मंद होतो आणि मूल भलत्याच कारणामागे लागतं. तरीही पडद्यानंतर खरे बल्ब मुलांच्या हातात द्यायलाच हवेत, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. तार सोलायची कशी, हे पडदा शिकवत नाही.

पडद्याकडून देशाने मोठ्या आशा बाळगल्या त्याला आता अर्धशतक झालं. १९७५-७६ मध्ये अमेरिकी उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत दूरचित्रवाणी पोचवण्यात आली आणि त्यात शाळकरी मुलांसाठी खास कार्यक्रम होते. मुलांच्या मांडीवर संगणक देण्याची मोहीम त्यानंतर तीसेक वर्षांनी आली. तिचा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैराट या छोट्या गावातल्या एकशिक्षकी शाळेत झाला. याच मोहिमेत पेरू देशाने लाखो लॅपटॉप वाटले. तिथल्या ग्रामीण शाळांचं मूल्यमापन २०१२ साली प्रसिद्ध झालं तेव्हा गणित आणि भाषेच्या गुणांत वाढ आढळली नाही.

याउलट दिल्लीत सहावी ते नववीच्या मुलांना शाळेबाहेरच्या केंद्रांत ‘माइंडस्पार्क’ हे अहमदाबादला तयार झालेलं सॉफ्टवेअर आणि सोबत छोट्या गटातली शिकवणी मिळाली, तर साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत ठळक प्रगती दिसली. हे सॉफ्टवेअर मूल कोणत्या इयत्तेत बसतं ते विचारत नाही. त्याला प्रत्यक्षात काय येतं ते तपासून तिथून सुरुवात करतं, आणि चुकीच्या उत्तराचा माग काढून पुढचा प्रश्न निवडतं.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना २०२० साली दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, हे सगळ्यांना आठवतं. त्यांच्या कामातला साधेपणा मात्र मागे पडतो. त्यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानावरच क्यूआर कोड आणला, म्हणजे कविता वाचताना ती ऐकायची सोय त्याच पानावर झाली. मुलाला इंटरनेटच्या जंगलात शोधत फिरावं लागत नाही. आज बालभारतीच्या पुस्तकांत हे कोड सर्रास असतात, २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या केंद्रीय मंचाशी जोडलेले.

डिसले यांना पुरस्कार मिळाला त्याच वर्षी, २०२० मध्ये, टाळेबंदीत शाळा बंद पडल्या, तेव्हा फोन नसलेली मुलं किती आहेत हे उघड झालं. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही शाळकरी मुलांसाठीची मालिका लागली. सोलापुरात नीलमनगरच्या शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. साधनांच्या निवडीत विजेचा आणि नेटचा विचार आधी करावा लागतो, तो यासाठी. ‘फेट’ची बरीच प्रतिरूपं एकदा उतरवून पेनड्राइव्हवर ठेवली की नेटशिवाय चालतात. तालुक्याच्या शिक्षण परिषदेत असा एक संच हातोहात दिला, तर नवीन खरेदीपेक्षा जास्त उपयोग होईल.

गणितात ‘जिओजेब्रा’ही नेटशिवाय चालतं. ऑस्ट्रियात मार्कुस होहेनवार्टर यांनी ते विद्यार्थी असताना लिहायला घेतलं होतं. नववीच्या वर्गात कसाही वेडावाकडा चौकोन काढायचा, चारही बाजूंचे मध्यबिंदू जोडायचे आणि आतली आकृती कोणती, ते आधी मुलांना वहीत लिहायला सांगायचं. ‘काहीही येईल’ असं लिहिणारे बरेच निघतात. मग एक शिरोबिंदू पकडून ओढत राहायचं. बाहेरचा चौकोन कितीही विस्कटला तरी आतला समांतरभुज राहतो. फळ्यावर अशा चार आकृत्या काढायला अर्धा तास गेला असता. आता तो अर्धा तास ‘असं का?’ या प्रश्नाला देता येतो: टीव्ही बंद करायचा, फळ्यावर चौकोनाचा एक कर्ण काढायचा, आणि दोन त्रिकोणांत मध्यबिंदूंचं प्रमेय लावायला एका मुलीला पुढे बोलवायचं.